अम्मांचा पाय आणि माझे जंत

आमच्या प्रयोगशाळेत जंत मेले की मैसूरपाक येतो. असा काही नियम नाही, पण पडलीय पद्धत. जंत सहसा मरत नाहीत, त्यामुळे मैसूरपाकही सहसा मिळत नाही, आणि त्यावरून आम्ही एकमेकांना टोमणे मारत असतो. शोळिंगनल्लूरच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना सॉफ्टवेअर कंपन्यांच्या काचेच्या इमारती आहेत. त्यांच्यामध्ये आमची बुटकी इमारत पाडायची राहून गेल्यासारखी दिसते. तिथे बसून मी हत्तीपायाच्या जंतावर औषध शोधते. शोधते हा शब्द जरा मोठा झाला. बहुतेक दिवस मी नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवते.

आमचं औषध म्हणजे एक पेप्टाइड. प्रथिनाचा लहानसा तुकडा, मण्यांची आखूड माळ म्हणा. असे तुकडे बेडकाच्या कातडीत असतात, आपल्या घामातही असतात. नको ते जीव अंगावर आले की ते त्यांना भोकं पाडतात. आम्ही तशीच एक माळ जंतासाठी ओवली होती. साध्या मिठाच्या पाण्यात ती जंताला छान मारायची. पण रक्तातला द्रव घातला की माळ तुटायची, मणी सुटे व्हायचे आणि जंत मजेत वळवळत राहायचे. गोळी करून द्यावी, तर पोटात जाऊन ती डाळीसारखी पचणार. आणि या रोगावर पैसा लावायला कोणी मोठी कंपनी पुढे येत नाही, कारण हा रोग ज्यांना होतो त्यांच्याकडून कमाई होत नाही. एवढ्या सगळ्या अडचणींत माझी उमेदीची वर्षं चालली होती.

घरी आणखी एक अडचण होती. हत्तीपायाचा खरा जंत सहजासहजी वाढवता येत नाही, म्हणून आम्ही त्याचा एक चुलतभाऊ वापरतो. तो म्हशीच्या पोटात सापडतो. सकाळी कत्तलखान्यातून थर्मासमध्ये कोमट पाण्यात जंत येतात आणि मी ते चिमट्यानं वेगळे करते. माझं सासर तंजावरी मराठी. कांदासुद्धा वार बघून खाणारं घर. मी सांगलीची, या घरात आल्यापासून संध्याकाळी दारातून थेट न्हाणीघरात जाते, आंघोळ करून मगच स्वयंपाकघरात पाऊल टाकते. अम्मांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, हे सोवळं वाटे. "तिकडची मुलगी, पण बघ किती आचार आहे," असं त्या शेजारणीला तमिळमध्ये सांगायच्या. मी खाली मान घालून केस पुसत राहायची.

घरात माझ्या कामाला 'रिसर्च' म्हणत. कशाचा रिसर्च, हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी उच्चारत नव्हतं. कारण तो रोग घरातच होता. अम्मांचा उजवा पाय गुडघ्यापासून खाली सुजलेला आहे. घोट्यापाशी मांसाची वळी पडलीय, कातडी जाड झालीय. लग्न होऊन कावेरीकाठच्या गावात नांदायला गेल्या तेव्हा डासांनी दिलेली ही देणगी. मला लग्न ठरल्यावर नवऱ्यानं सांगितलं. माझा विषय ऐकून तो आधी दचकला, मग म्हणाला, अम्मासमोर एवढं नाव घेऊ नकोस. मी नाही घेतलं. अम्मा त्या बाजूची साडी जमिनीला टेकेल इतकी खाली नेसायच्या. फोटोत नेहमी खुर्चीच्या मागे उभ्या. टी. नगरच्या दुकानांपासून चालत जाता येईल एवढं आमचं घर, पण स्वतःची साडी त्या दुकानात जाऊन घेत नसत. तिथे गादीवर मांडी घालून बसावं लागतं. आणि मी? मी दिवसभर भिंगाखाली तो रोग बघायची आणि घरी आल्यावर त्या पायाकडे बघायची नाही. याला मी सभ्यपणा म्हणत होते.

मग एके दिवशी आमची माळ टिकली. आम्ही तिची दोन टोकं एकमेकांना जोडून कडं केलं होतं. कड्याला सुटं टोक नाही, त्यामुळे रक्तातल्या कात्र्यांना ते पटकन धरता येईना. दुपारपर्यंत बशीतले जंत मंदावले, संध्याकाळी सरळ पडले. दुसऱ्या दिवशीही ते तसेच होते. मैसूरपाक आला. तुपानं बोटं माखलेली, डोकं हवेत, अशा अवस्थेत मी घरी पोचले. दार अम्मांनी उघडलं आणि मी ओरडले, "अम्मा, मेले! सगळे मेले!"

"अय्यो! कोण मा?"

"जंत! यानैक्कालाचे जंत!"

तमिळमध्ये हत्तीपायाला यानैक्काल म्हणतात. त्या घरात तो शब्द पहिल्यांदा मोठ्यानं उच्चारला गेला तो माझ्या तोंडून, आणि तोही उंबऱ्यावर. मी जीभ चावली. पण अम्मांचा चेहरा पडला नाही. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मग आत गेल्या, सासऱ्यांना दूध आणायला पिटाळलं आणि पायसम केलं. देवापुढे वाटी ठेवून बराच वेळ उभ्या होत्या. सासरे म्हणाले, आज कोणता सण? त्या म्हणाल्या, "सुनेचे वैद्यम जिंकले." मला वाटलं, माझं कौतुक चाललंय. मी दोन वाट्या पायसम खाल्लं.

त्यानंतरच्या आठवड्यात अंबत्तूरहून मावशींचा फोन आला. मावशी म्हणजे अम्मांची धाकटी बहीण. त्यांच्या मुलीचं लग्न तै महिन्यात, म्हणजे संक्रांतीनंतर, ठरलं होतं. लग्नाआधी घरात सवाष्णींना बोलावून ओळीनं बसवायचं, त्यांचे पाय धुवायचे, हळद लावायची, पायाच्या कडेनं कुंकवाची रेघ ओढायची, साडी द्यायची आणि जेवू घालायचं, अशी त्यांच्याकडे रीत आहे. घरातली थोरली सवाष्ण ओळीत पहिली बसते. अम्मा थोरल्या. पण जेव्हापासून पाय असा झाला तेव्हापासून त्या ओळीत बसलेल्याच नाहीत. कधी गुडघा धरला म्हणायच्या, कधी बस मिळाली नाही म्हणायच्या. जेवायच्या वेळेला पोचायच्या आणि मागच्या दारानं स्वयंपाकघरात शिरून पापड तळायला बसायच्या. सगळ्यांना खरं कारण ठाऊक असायचं आणि सगळे पापडांची तारीफ करायचे.

या वेळी मी पलीकडच्या खोलीतून ऐकलं, अम्मा फोनवर म्हणाल्या, "येते. ओळीत बसते. तुझी मुलगी माझे पाय धुवू दे."

फोन ठेवून त्या माझ्याकडे आल्या. आवाज अगदी बारीक केला होता. "गोळी की इंजेक्शन?"

मला कळेना. "कशाचं?"

"तुझे वैद्यम. तै महिन्यापर्यंत उतरेल की? सगळा नाही उतरला तरी परवाइल्ले. साडीत झाकेल एवढा उतरला तर पुष्कळ झाले."

तेव्हाच सांगायला हवं होतं. मला सगळं माहीत होतं. मी त्यातलंच शिकलेय, त्यावर लोकांसमोर उभी राहून बोलते. पण अम्मा माझ्याकडे अशा बघत होत्या, जसं आजवर माझ्याकडे कोणी बघितलं नव्हतं. आमच्या साहेबांनी तर नाहीच नाही. मी म्हणाले, "बघू या, अम्मा." बघू या! जणू काही माझ्या पर्समध्ये बाटली होती.

मग रोज सकाळी माझ्या डब्यात काहीतरी खास पडायला लागलं. कधी वडे, कधी लिंबाचा भात, वर काजू. मी बसमध्ये बसून तो डबा मांडीवर धरायची आणि मला स्वतःची लाज वाटायची. नवऱ्याला म्हटलं, तू सांग. तो म्हणाला, तुझं औषध, तू सांग. त्याचंही बरोबरच होतं.

शेवटी एका रविवारी, अम्मा भाजी निवडत होत्या तेव्हा, मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि सांगून टाकलं. म्हटलं, अम्मा, तुमच्या पायात आता जंत नाहीत. ते केव्हाच मेले. पण मरायच्या आधी पायातलं पाणी वर नेणाऱ्या बारीक नळ्या खराब करून गेले. त्या नळ्या माझ्या औषधानं दुरुस्त होत नाहीत. माझं औषध फक्त जंत मारतं, आणि तेही अजून बशीतच. माणसाला द्यायला पुष्कळ वर्षं लागतील. कदाचित कधीच देता येणार नाही.

अम्मांचे हात थांबले नाहीत. शेंगेच्या शिरा निघत राहिल्या. "मग कोणासाठी करतेस?"

"ज्यांच्या रक्तात आज जंत आहेत आणि पाय अजून सुजला नाही, त्यांच्यासाठी."

"सरी," त्या म्हणाल्या. "त्यांना तरी होऊ दे." मग थोड्या वेळानं, "त्याच दिवशी का नाही सांगितलीस मा? मी पायसम केले, देवाला दाखवले."

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

हे अर्धंच खरं होतं. त्यांना वाईट वाटेल म्हणून, आणि मला चांगलं वाटत होतं म्हणून. पण अर्धं सांगायला बरं पडतं. अम्मांनी मान हलवली. "माझ्यापुढे एक बोललीस, मनात एक ठेवलीस," त्या म्हणाल्या. रागानं नाही म्हणाल्या. वर्तमानपत्रातली बातमी वाचावी तसं म्हणाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या दिवशी मी आणखीही एक गोष्ट सांगितली. औषध नसलं तरी या पायाला एक उपाय आहे आणि तो अगदी साधा आहे. रोज साबणानं हलक्या हातानं धुवायचा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, चिरांना मलम लावायचं, पाय उंचावर ठेवायचा. अधूनमधून अम्मांना हुडहुडी भरून ताप यायचा, पाय लालबुंद व्हायचा आणि प्रत्येक तापानंतर सूज थोडी वाढून बसायची. तो ताप जंतांमुळे येत नव्हता, चिरांतून शिरणाऱ्या साध्या जंतूंमुळे येत होता. चिरा सांभाळल्या तर ताप थांबतो. हे मी परिषदांमध्ये पडद्यावर चित्रं लावून ऐकलं होतं, आणि घरी अम्मांना ताप आला की गोळी देऊन कामावर निघून जात होते. "मी धुते," मी म्हटलं. "संध्याकाळी, मी आल्यावर."

अम्मा नाही म्हणाल्या. मग नको म्हणाल्या. मग काहीच म्हणाल्या नाहीत, आणि मी टब आणला.

पहिल्या संध्याकाळी त्यांनी तोंड टीव्हीकडे फिरवलं. पाय जणू दुसऱ्याचा होता आणि कोणी तो त्यांच्याकडे ठेवायला दिला होता. मी पहिल्यांदाच तो जवळून बघत होते. कातडी खडबडीत, बोटांमध्ये पांढऱ्या, ओल्या चिरा, एक आंबूस वास. भिंगाखाली कितीही घाण बघितली तरी मला काही होत नाही, पण त्या वासानं मी श्वास रोखला, आणि ते अम्मांना कळेल या भीतीनं मी भराभरा बोलत सुटले. आमच्या साहेबांच्या नकला केल्या. अम्मा टीव्हीकडे बघत हसल्या. सासऱ्यांच्या जुन्या मऊ वेष्टीचा, म्हणजे लुंगीसारख्या धोतराचा, तुकडा करून मी बेचक्या टिपल्या. त्या एकदम म्हणाल्या, "माझ्या आईनेपण इतके धरून बघितले नाही."

दिवस गेले तसं तोंड टीव्हीकडून माझ्याकडे वळलं. टबात पाय सोडून त्या गावाकडच्या गोष्टी सांगायच्या. लग्नानंतर तळ्यावर जायच्या, पाण्यात पाय सोडून बसायच्या, तेव्हा दोन्ही पाय सारखे होते. सासू म्हणायची, मुलीचे पाय बारीक आहेत, काम काय करणार. हे सांगून अम्मा एवढ्या हसल्या की टबातलं पाणी सांडलं. माझं अंगही भिजायचं, पण तोपर्यंत माझी आंघोळ झालेली असायची आणि ओल्या गाऊननं मी तशीच बसायची. चिरा भरून येऊ लागल्या. सूज फारशी उतरली नाही, पण वास गेला. आणि नेहमीचा तो हुडहुडीचा ताप आला नाही. एकदा मी उशिरा आले तर अम्मा टब भरून, पाय घालून, माझी वाट बघत बसल्या होत्या. प्रयोगशाळेत जंत मेले तेव्हा झाला नव्हता एवढा मला आनंद झाला. खरंच झाला.

मग त्यांनी आपण होऊन विषय काढला. "येते म्हणून सांगितले आहे. जाते. पाय जसा आहे तसा. लोक बघतील तर बघू दे. मी काय चोरी केली आहे?" नवरा चकित झाला. सासऱ्यांनी चष्मा काढून पुसला. कपाटातून नऊवारी निघाली, तिच्या घड्या मोडून उन्हात टाकली. ज्या बाईनं मागच्या दारानं शिरून पापड तळण्यात आयुष्य घालवलं, ती ओळीत पहिली बसायला निघाली होती. कडं करून टिकवलेल्या माझ्या पेप्टाइडला जे जमणार नव्हतं, ते साबणानं केलं. मला या गोष्टीचा गर्व झाला होता, हे मान्य करते.

आणि त्या गर्वातच मी मावशींचा फोन घेतला. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला वेगळा फोन केला होता. फार संकोचल्या होत्या. "विचारू नये, पण विचारते. अक्का माझी आहे, मला काही नाही. पण पोरगी पाय धुणार. लग्न तोंडावर. सासरची माणसेपण येणार. हात लावले तर काही होत नाही ना?"

मी तडकले. म्हटलं, मावशी, हा रोग डासांमुळे होतो. हात लावून काही होत नाही. अम्मांच्या पायात तर जंतच नाहीत. मी रोज माझ्या हातानं धुते, मला काही झालंय का? मावशी ओशाळल्या, हो हो म्हणाल्या. इथे थांबले असते तर बरं होतं. पण मी पडले हुशार. म्हटलं, उलट काळजी अम्मांचीच घ्यायची. चिरा आत्ताच कुठे भरल्यात. मुलगी सगळ्यांचे पाय धूत येणार, त्याच हातांनी अम्मांचा पाय चोळणार, दुसऱ्यांच्या पायांची घाण चिरेत गेली तर त्यांना पुन्हा ताप येईल. तेव्हा अम्मांना शेवटी घ्या, पाणी नवीन घ्या, आणि तिला म्हणावं स्वच्छ हातमोजे घाल. मी घेऊन येते.

माझ्या लेखी हातमोजे म्हणजे आदर. आमच्याकडे हातमोजे आपल्याला वाचवायला नसतात. आपल्या बोटांवर जे काही असतं ते पेप्टाइडला खाऊन टाकतं. म्हणून जी वस्तू मोलाची तिला उघड्या हातानं शिवायचं नाही. नवीन पोरं आली की पहिल्या दिवशी मी त्यांना हेच दरडावते. ते माझ्या इतकं अंगवळणी पडलंय की जगात इतरांना हातमोजे बघून काय वाटतं, हे मी विसरूनच गेले होते. घरी मी उघड्या हातानं धूत होते, कारण घरी फक्त मीच होते आणि मी साबणानं हात धुतलेले असत. हे मावशींना सांगितलं नाही. सांगायचं सुचलं नाही.

सवाष्णींच्या जेवणाच्या दिवशी अंबत्तूरच्या घरात पुढच्या खोलीत पाट मांडले होते. सवाष्णी ओळीनं बसल्या. अम्मा, थोरल्या असून, ओळीच्या शेवटी. मीच सांगितल्याप्रमाणे. त्यांनी एकदा पहिल्या पाटाकडे बघितलं, मग निमूट शेवटच्या पाटावर जाऊन बसल्या आणि नऊवारी जराशी वर घेतली. स्वतःहून. पाय सगळ्यांसमोर होता. खोलीतल्या सगळ्या एकदम दुसरंच काहीतरी बोलायला लागल्या.

मुलगी गोड आहे. शोळिंगनल्लूरलाच नोकरी करते, कधी कधी बसमध्ये भेटते. ती एकेकीचे पाय परातीत घेऊन धूत आली. हातानं हळद लावत होती, बायका तिच्या डोक्यावर हात ठेवत होत्या. अम्मांच्या आधीच्या बाईचे पाय झाले आणि मुलगी उठली. मावशींनी परात बदलली. मुलीनं हात पुसले, आणि मी सकाळीच देऊन ठेवलेले निळे हातमोजे घातले. रबर ताणल्याचा, मनगटावर बसल्याचा आवाज आला. त्या हातमोज्यांवरून तिच्या बांगड्या नीट बसेनात, म्हणून तिनं त्या उतरवून बाजूला ठेवल्या.

तेव्हा मला दिसलं. इतका वेळ डोळ्यांसमोर असून तेव्हाच दिसलं. ओळीतल्या बाकीच्या बायका बघत होत्या. अम्मांच्या शेजारची बाई, आपल्याला काही वाटत नाही अशा चेहऱ्यानं, पदर आवरून पाटावर थोडी पलीकडे सरकली. मुलाकडच्या एका बाईनं दुसरीच्या कानात काही सांगितलं. आणि अम्मा त्या निळ्या बोटांकडे बघत होत्या.

मी पुढे झाले. म्हटलं, हे अम्मांसाठी आहे, त्यांच्या त्वचेला जपायला, संसर्ग आपल्याकडून त्यांना होऊ नये म्हणून. मराठीत सांगितलं, मग तमिळमध्ये सांगितलं, मग उगीचच इंग्रजीतही सांगितलं. सगळ्यांनी मान हलवली. जितकं समजावून सांगावं तितकं ते सारवासारव वाटत होतं. एक म्हातारी सवाष्ण मला म्हणाली, "बरे केलीस मा, तू शिकलेली आहेस. सावध राहिलेले बरे."

अम्मांनी मुलीला सांगितलं, "सावकाश कर, घाई नको." पाय धुऊन झाला, हळद लागली, कुंकवाची रेघ ओढली, हातमोज्यांमुळे ती वेडीवाकडी आली. अम्मांनी तिच्या डोक्यावर हात ठेवायला उचलला आणि मध्येच थांबवून, वरच्या वर, अंतर ठेवून आशीर्वाद दिला. पंगतीत जेवल्या. पापड चांगले झालेत म्हणाल्या. परत येताना गाडीत त्या खिडकीबाहेर बघत होत्या आणि नवरा, ज्याला काहीच कळलं नव्हतं, म्हणत होता, छान झालं, नाही? शेवटी बसलीस की नाही ओळीत?

मला त्या मुलीचा राग यायला हवा होता, मावशींचा यायला हवा होता, त्या सरकलेल्या बाईचा तर नक्कीच. पण सगळं मी सांगितल्याप्रमाणेच झालं होतं. शेवटची जागा माझी, वेगळी परात माझी, हातमोजे माझे. वाळीत टाकायचं असतं तरी यापेक्षा नीट व्यवस्था कोणाला जमली नसती.

घरी आल्यावर मी कपडे बदलले, हात धुतले आणि टब भरला. हळद चिरांत राहायला नको होती. अम्मा खुर्चीवर बसल्या होत्या. मी जमिनीवर बसून पायाकडे हात नेला तर त्यांनी पाय मागे घेतला, साडीखाली.

"मोजे घालून ये मा."

"अम्मा, मी तुम्हाला सांगितलंय ना, हात लावून काही होत नाही."

"मला तसे सांगितलीस." त्या अगदी शांत होत्या. "वैद्यमाच्या वेळीपण मला वाईट वाटू नये म्हणून एक सांगितलीस. खरे काय ते तू तिला सांगितलीस. लग्न व्हायची पोर, तिला कोणी खोटे सांगेल की?"

मी पुन्हा सगळं सांगितलं. डास, जंत, नळ्या, चिरा, बोटांवरची घाण. देवाची शपथ घेतली. माझा आवाज चढला, मग रडू आलं. अम्मा माझ्याकडे इतक्या मायेनं बघत होत्या की त्यांचा एका शब्दावरही विश्वास बसलेला नाही हे मला स्पष्ट दिसत होतं.

"इतके दिवस नुसत्या हाताने केलीस," त्या म्हणाल्या. "माझेच चुकले. मला कळायला पाहिजे होते. तू तरुण आहेस, उद्या मूल व्हायचे. रागावू नको मा." आणि त्यांनी माझ्यासमोर हात जोडले.

मी उठले, पिशवीतून उरलेले हातमोजे काढले आणि घातले. तेव्हा त्यांनी पाय पुढे केला. या गोष्टीला बरेच महिने झाले. पाय मी रोजच धुते, ताप येत नाही, चिरा पूर्ण भरल्यात. रोज मोजे घालते. न घालता बसले तर त्या पाय बाहेर काढत नाहीत, आणि आता पाय धुताना पुन्हा टीव्हीकडे बघतात.